चौदा अंशांचं पाणी

केरकरकाकांनी आयुष्यात कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल 'मनात कुणाविषयी किल्मिष नव्हतं' असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. काकांच्या मनात किल्मिष भरपूर होतं, आणि ते त्यांनी नीट घडी घालून, वर्षवार लावून ठेवलेलं होतं. मला ते आवडायचं. पटकन माफ करणाऱ्या माणसांवर माझा फारसा विश्वास नाही. ती माणसं पटकन विसरतातसुद्धा.

२००५ च्या सप्टेंबरात मी पीएच.डी. करायला हॅमिल्टनला आले आणि केरकरांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिले. मराठी कुटुंब आहे, एवढंच आईला सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर रोज मासे तळले जातात हे सांगितलं नव्हतं. काका मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी इकडे आले, एका पोलाद कारखान्यात तीस वर्षं मेटलर्जिस्ट म्हणून राबले आणि निवृत्त झाले. उंच, सडपातळ, अंगात बारा महिने एकच बऱ्याच खिशांचं जाकीट. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीलाही तेच. पहिल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं.

"व्हेजिटेरियन?"

"हो काका."

"अंडं?"

"नाही."

"मग या देशात विंटरमध्ये खाणार काय, बर्फ?"

एवढं बोलून निघून गेले. संध्याकाळी माझ्या दारात नवा तवा, नवी कढई आणि एक चिठ्ठी होती. 'यांना मासा लागलेला नाही. केरकर.'

त्यांचा सूड मी पहिल्यांदा पाहिला तो त्याच हिवाळ्यात. शेजारचा गृहस्थ स्नोब्लोअर फिरवताना आपल्या दारातला सगळा बर्फ आमच्या ड्राइव्हवेवर उडवायचा. काका काही बोलले नाहीत. पहाटे उठून निमूटपणे शोव्हल करायचे. मला वाटलं, वय झालं, भांडण नको असेल. मे महिना आला तसं काकांनी कुंपणाच्या कडेला, बरोबर त्या गृहस्थाच्या खिडकीखाली, टोमॅटो लावले आणि प्रत्येक रोपाखाली माशांची डोकी पुरली. फार खोल पुरली नाहीत. जुलैत तो बिचारा नाकाला रुमाल लावून तक्रार करायला आला तेव्हा काका हसून म्हणाले, "ऑरगॅनिक, माय फ्रेंड. यू मस्ट टेक सम टोमॅटोज." पुढच्या हिवाळ्यात बर्फ पलीकडच्या बाजूला उडायला लागला.

"बोलून काय होतं?" काका मला म्हणाले. "बोललं की माणूस सॉरी म्हणतो. मग आपले हात बांधले जातात."

घरात दुसरं माणूस म्हणजे शालिनीकाकू. गोऱ्या, ठेंगण्या, बोलक्या. मुलगी मीनल ओटावाला सरकारी नोकरीत, ती महिन्यातून एकदा यायची. काकूंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी हॉस्पिटलात डायलिसिस. सातला मशीन लागायचं, सव्वाअकराला सुटायचं, आणि साडेअकराला काकू थंडीने कुडकुडत बाहेर यायच्या. त्या वेळी काका दारात हजर असायचे, गाडीच्या हीटरवर गरम केलेली शाल हातात घेऊन. सुरुवातीला ते चारही तास काकूंजवळ बसायचे. पण बसायचे म्हणजे काय, मशीनवरचे आकडे वाचायचे, नर्सला फ्लो रेट का बदलला म्हणून विचारायचे, शेजारच्या पेशंटला त्याचं मशीन जुनं आहे असं सांगायचे. शेवटी काकूंनीच त्यांना हाकललं.

"अहो, तुम्ही जा हो कुठंतरी. मला जरा डोळे मिटू द्या. तुम्ही समोर असलात की मशीनपण घाबरतं."

म्हणून काका मासे पकडायला लागले. लहानपणी खाडीवर गळ टाकलेला होताच. पण हाताशी चार तास, त्यातले जायला-यायला जास्तीत जास्त पाऊण पाऊण तास, म्हणजे पाण्यावर उरले दोन, अडीच. वेळेच्या बाहेरची कितीही सुंदर नदी त्यांच्या कामाची नव्हती. आणि पाऊण तासाच्या आतल्या, नाव असलेल्या प्रत्येक नदीवर टोरोंटोपासूनची माणसं खांद्याला खांदा लावून उभी असायची. काकांना माणसं चालायची नाहीत. "दिवसभर हॉस्पिटलात माणसंच बघतो मी," ते म्हणायचे. "निजलेली, कण्हणारी, सॉरी सॉरी करणारी. दोन तास मला कुणी दिसायला नको."

मग त्यांनी बिनगर्दीचं पाणी शोधायचं शास्त्र तयार केलं. डायनिंग टेबलावर जुने सर्व्हेचे नकाशे पसरायचे आणि त्यातल्या केसाएवढ्या निळ्या रेघा भिंगातून बघायच्या. रस्त्याने ओलांडलेली प्रत्येक रेघ म्हणजे एक पूल. त्या पुलावर जायचं आणि आधी पाणी बघायचं नाही, कचरा बघायचा. कॉफीचे कागदी कप तीनपेक्षा जास्त दिसले की गाडीतून उतरायचंच नाही. कप नसतील तर दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडायचा आणि आल्याची वडी तोंडात विरघळेपर्यंत थांबायचं. भर जुलैत पाणी अठरा अंशांच्या वर गेलं की ट्राउट मासा तिथं राहत नाही. शेतकऱ्याची जमीन असेल तर त्याच्या बायकोला आंब्याची पेटी द्यायची आणि परवानगी मागायची. "हापूस नाही, पाकिस्तानी आहे," गाडीत मला सांगायचे, "पण तिला काय कळतंय?"

दोन वर्षं आणि साठ-सत्तर पूल झाल्यावर त्यांना तो झरा सापडला. सरकारी जंगलातून वाहणारा, पुलावरून पाहिलं तर एका उडीत ओलांडता येईल असा वाटणारा, सीडरच्या झाडांनी झाकलेला. नकाशात त्याला नाव होतं, पण काकांनी ते कधी उच्चारलं नाही. भर जुलैत पाणी चौदा अंश, म्हणून त्याचं नाव चौदा. "आज चौदावर गेलो होतो," एवढंच सांगायचे. कुठे आहे ते काकूंनाही माहीत नव्हतं. मला नेलं ते गाडी चालवायला, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून, तेही मी माशाला हातसुद्धा लावणार नाही याची खात्री होती म्हणून. मी काठावर जर्नल पेपर वाचत बसायची. काका कमरेपर्यंत पाण्यात, तोंडाने एक शब्द नाही. घरी कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज लावणारा हा माणूस दोन तास इतका गप्प राहू शकतो, हे मी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. एक मासा घरी आणायचा, बाकीचे सोडून द्यायचे. बिनमिठाचा, कोकम लावून, रव्यात घोळून तळलेला तो मासा काकू चवीने खायच्या. "बांगड्याची सर नाही हो," रोज म्हणायच्या आणि काटा चोखत बसायच्या.

माझ्याशिवाय चौदा आणखी एकाच माणसाला माहीत होता. पाटणकर. काकांबरोबर पंचवीस वर्षं कारपूल केलेला माणूस. गोल चेहरा, सतत हसरा, मंडळाच्या प्रत्येक कमिटीवर. चार माणसं बोलवायला सांगितली तर चाळीस आणणारा. काकांनी त्याला एकदा चौदावर नेलं होतं आणि येताना गाडीत नरड्याला हात लावून शपथ घ्यायला लावली होती.

२००७ च्या वसंतात एका शुक्रवारी काका साडेअकराला हॉस्पिटलच्या दारात उभे राहिले ते छातीपर्यंत भिजलेले, ओठ निळे. हातातली शाल तेवढी कोरडी. नर्स घाबरून म्हणाली, "मिस्टर केरकर, व्हॉट हॅपन्ड?" काका म्हणाले, "रेन." बाहेर लख्ख ऊन होतं. त्या दिवशी मीही बरोबर होते. घरी येईपर्यंत काकू काकांच्या बुटांकडे बघत होत्या, हे मला नंतर आठवलं.

काका देवभोळे नव्हते, पण श्रावण पाळायचे. सासूबाईंना कधीतरी शब्द दिला होता. त्या महिन्यात गळ गॅरेजमध्ये, आणि डायलिसिसचे तास लायब्ररीत नकाशे चाळण्यात. त्या वर्षीचा श्रावण गेला, दिवाळी आली, आणि मंडळाचा स्पायरल बाइंडिंगचा दिवाळी अंक घरी आला. काका तो किचनमध्ये उभ्याने चाळत होते. मी भांडी घासत होते. पानं उलटायचा आवाज थांबला.

पाटणकरांचा लेख होता. 'श्रावणातली एक आगळी सहल'. मंडळाची चाळीस माणसं, फॉइलच्या ट्रेमध्ये बटाटेवडे, झऱ्याकाठी अंताक्षरी, पाण्यात पाय सोडून बसलेल्या वहिनी, आणि शेवटी अर्ध्या पानाचा नकाशा. पूल, वळण, सीडरची झाडं, आणि एक ठसठशीत बाण: 'इथे गाडी लावावी'. खाली तळटीप. मुलाने हीच माहिती मासेमारीच्या एका इंग्रजी वेबसाइटवरही टाकली असून तिला उत्तम प्रतिसाद मिळत आहे.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"श्रावणात," ते म्हणाले. "मेल्यान श्रावण साधल्यान."

त्यांनी पाटणकरांना फोन लावला. बोलले एकच वाक्य, "आजपासून तू मला मेलास." पलीकडून पाटणकर एवढंच म्हणाले, "बरं." ते 'बरं' माझ्या कानावर आलं, कारण काकांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा. मला फार राग आला. माणसाने निदान बाजू मांडावी, खोटं तरी बोलावं. बरं काय?

एप्रिलमध्ये मासेमारीचा सीझन उघडतो त्या शनिवारी पहाटे मी काकांना घेऊन चौदावर गेले. पुलाजवळ अकरा गाड्या. पाण्यात माणूस, काठावर माणूस, खुर्च्या, रेडिओ, एक कुत्रा. काका गाडीतून उतरले, पुलाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले, हात जोडले, आणि त्यांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. मी कोकणातलं गाऱ्हाणं तोवर ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! ज्या कोणी ह्या पाण्याची वाट लोकांक दाखवल्यान, त्येच्या गळाक जल्मात मासो लागाचो नाय असां कर रे म्हाराजा!"

काकांनी मागे वळून माझ्याकडे डोळे वटारले. "व्हय म्हाराजा म्हण गो!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"त्येची गाडी चिखलात रुतांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येचे पाय सुजांदे, त्येका डासांनी फोडून खावंदे!"

"व्हय म्हाराजा!" आता मलाही जोर चढला होता. खाली एकाने टोपी सरकवून वर पाहिलं आणि विचारलं, "एव्हरीथिंग ओके?" काका म्हणाले, "प्रेयर." तो म्हणाला, "राइट ऑन."

जूनपर्यंत चौदातले मासे संपले. कप मोजायला गेलेले काका सत्तावीस कप घेऊन परत आले, आणि ती पिशवी त्यांनी पाटणकरांच्या ड्राइव्हवेवर नीट उपडी केली. पण त्याने समाधान झालं नाही. त्या उन्हाळ्यात काका नवीन पाणी शोधत फिरले, आणि पाऊण तासाच्या आत त्यांना काही मिळेना. हळूहळू शोधणंही थांबलं. काकूंना सोडून ते हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच गाडीत बसून राहायचे, नकाशा स्टिअरिंगवर पसरलेला, बघणं नाही. ऊन वाढलं की वर वॉर्डात जाऊन बसायचे आणि पुन्हा मशीनचे आकडे वाचायचे. काकूंचे मिटलेले डोळे पुन्हा उघडे राहायला लागले. एकदा मी बरोबर गेले होते तेव्हा पाहिलं, दोघंही छताकडे बघत होती. पाटणकरांचा केला तितका संताप मी दुसऱ्या कुणाचा केलेला मला आठवत नाही. एका म्हाताऱ्याचे दोन तास. त्यात काय अंताक्षरी खेळायची होती यांना?

सप्टेंबरात काका एक दिवस वही घेऊन बेसमेंटमध्ये आले.

"तुला मराठी टायपिंग येतं ना? दिवाळी अंकाला लेख द्यायचाय."

लेखाचं नाव 'गर्दीपासून दूर: हॅमिल्टनहून गाडीने तासाभरात'. पाच झऱ्यांची माहिती, नकाशांसह. मी टाइप करत गेले आणि दुसऱ्या झऱ्यापर्यंत येता येता मला कळलं. पाचही ठिकाणं काकांनी गेल्या चार वर्षांत बघून नापास केलेली होती. पण लेखात एक अक्षर खोटं नव्हतं. पहिला झरा वराहपालनाच्या शेताखालून येत होता, त्याबद्दल लिहिलं होतं, 'येथील पाणी पोषणमूल्यांनी समृद्ध आहे.' दुसऱ्याच्या काठी अंगाला लागताच फोड आणणाऱ्या पॉयझन आयव्हीचं रान होतं. 'तजेलदार, तीन तीन पानांच्या वेलींनी काठ नटलेला असून त्यांत मनसोक्त बसावे.' तिसरा सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटखालचा. 'भर हिवाळ्यातही न गोठणारा प्रवाह, हे याचे वैशिष्ट्य.' चौथ्या कुरणात बैल होता. 'मालकाची जनावरे माणसाला न बुजता जवळ येतात.' पाचवी ग्वेल्फच्या वाटेवरची दलदल. 'जीवसृष्टी विपुल, विशेषतः सूर्यास्ताच्या सुमारास.' आणि प्रत्येक ठिकाणाच्या शेवटी एकच ओळ: 'येथे आपण एकटेच असाल याची खात्री बाळगावी.'

"काका, मंडळातले बाकीचे लोकही जातील. त्यांचा काय दोष?"

"वडे खाल्ले ना त्यांनी?"

मी पुढचं टाइप करायला लागले. शुद्धलेखनही तपासून दिलं. उगाच कशाला खोटं बोलू, बैलाच्या वाक्यात 'प्रेमाने' हा शब्द मी घातला.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाच्या अध्यक्षांनी स्टेजवरून काकांच्या मोठ्या मनाची तारीफ केली. केरकरांनी झालं गेलं विसरून आपला खजिना खुला केला, वगैरे. टाळ्या वाजल्या. काकांनी मान लववून गुच्छ स्वीकारला. पाटणकर पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त टाळ्या वाजवत होते.

२००९ चा उन्हाळा हा काकांचा सर्वात सुखाचा उन्हाळा होता. बातम्या मंडळातून यायच्या. जोशी वराहपालनाच्या वासाने गाडीतूनच परत फिरले. एका तरुण सॉफ्टवेअरवाल्याचा बूट दलदलीत गेला. पण पाटणकर! पाटणकर एकेका ठिकाणी पद्धतशीर गेले. पॉयझन आयव्हीत बसले आणि तीन आठवडे पायजम्याशिवाय काही घालू शकले नाहीत. प्लँटखालच्या पाण्यात दिवसभर गळ टाकून उभे राहिले. बैलाने त्यांना कुंपणावर चढवलं आणि अर्धा तास उतरू दिलं नाही. प्रत्येक वेळी रविवारी मंडळात ते साभिनय कथा सांगायचे, सोमवारी ती फोनवरून आमच्याकडे पोचायची, आणि डायलिसिसला जाताना काका ती काकूंना सांगायचे. काकू गाडीत इतक्या हसायच्या की एकदा काकांना गाडी कडेला घ्यावी लागली. काकांनी त्याच उन्हाळ्यात सोळा अंशांचा एक झरा शोधला. चौदाची सर नव्हती, पण गळ पुन्हा गॅरेजमधून बाहेर आला.

जानेवारीत काकूंना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात मी रात्रपाळीला बसायचं ठरवलं होतं, पण काकू दुपारीच माझ्याशी बोलल्या. काका पार्किंगचं तिकीट बदलायला गेले होते.

"मृदुला, पाटणकरांना मीच पाठवलं होतं गं तिथे."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"हे भिजून आले त्या दिवशी मला कळलं. पडले असणार. एकटे. कुठे जातात ते मलाही सांगायचे नाहीत. पडून तसेच राहिले असते तर मी साडेअकराला दारात शोधत बसले असते, आणि पाटणकरांना गाठून तिथे पाठवेपर्यंत किती वेळ गेला असता? म्हणून पाटणकरांना म्हटलं, तुम्हाला जागा ठाऊक आहे, चार माणसांची ये-जा होऊ द्या तिथे. श्रावणात जा म्हणजे यांना दिसणार नाही." त्या थांबल्या, दम घेतला. "मी चार म्हटलं होतं. त्यांनी मंडळ नेलं."

"आणि तो लेख? त्यांना कळलं नाही का?"

"पहिल्याच ठिकाणी कळलं. मला फोन केला. मी म्हटलं, पुढच्या चार ठिकाणीपण जा. हे हसायला लागलेत."

दोन वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या, व्हय म्हाराजा म्हटलं होतं, बैलाला प्रेमळ केलं होतं.

"काकांना का नाही सांगितलंत?"

"बोलले नसते माझ्याशी. त्यांचा अबोला तुला माहीत नाही. किती दिवस उरलेत, त्यात अबोला कुठे बसवू? मी गेले की सांग."

फेब्रुवारीत काकू गेल्या. चौदाव्या दिवशी मीनल ओटावाला परत गेल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. ते डायनिंग टेबलाशी बसले होते. बराच वेळ नुसते नखाने टेबलावरचा एक डाग खरवडत राहिले. मग मान वर केली. डोळे लाल होते, पण ते रडण्याने की रागाने हे मला ओळखता आलं नाही. बहुतेक दोन्ही.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "तिच्यासमोर बसून त्याला शिव्या घातल्या मी. एकदा 'असू दे हो' म्हणाली नाही. वर हसायची." मग टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आता तिच्यावर सूड कसा घेऊ मी? सांग ना. पीएच.डी. करतेस ना तू?"

मी म्हटलं, पाटणकरांना निदान फोन करा.

"अजिबात नाही. त्याला कळू द्यायचं नाही मला कळलंय ते. अजून दोन ठिकाणं आहेत माझ्या डोक्यात."

अस्थी प्लास्टिकच्या करड्या डब्यात गॅरेजमध्ये होत्या. घरात आणायच्या नाहीत म्हणून. मीनल फोनवर म्हणाली, "बाबा, लेट्स टेक हर टू वेंगुर्ला. ऑर समवेअर क्वाएट, बाय अ लेक." काका म्हणाले, "क्वाएट नको." एवढंच. त्यांनी मीनलला एप्रिलमधला तो शनिवार सांगितला, सीझन उघडतो तो, आणि पहाटे हजर राहायला बजावलं.

मला मे महिन्यात ओटावाला नोकरी लागली. त्यानंतर दोन वर्षांनी काका गेले तेव्हा मी भारतात होते. त्यामुळे माझ्या मनात राहिलेले काका ते त्या शनिवारचे.

पुलाजवळ सोळा गाड्या होत्या. सरकारने झऱ्यात पुन्हा मासे सोडले असावेत, कारण काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाटणकर पुलाच्या टोकाला टोपी हातात धरून उभे होते. त्यांना कुणी बोलावलं होतं मला माहीत नाही. मी बोलावलं नव्हतं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण शेजारून जाताना आपली चालायची काठी त्यांच्या हातात दिली, जसं एखाद्या खुंटीला काही अडकवावं तसं. मग डबा घेऊन, मीनलचा हात झिडकारून, त्या गर्दीतून "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" करत ते काठाला आले आणि कमरेपर्यंत पाण्यात गेले.

वरच्या बाजूच्या माणसाने आधी गळ ओढून घेतला. मग त्याच्या खालच्याने. मग सगळ्यांनी. कुणीतरी रेडिओ बंद केला. काकांनी झाकण उघडलं आणि डबा पाण्यालगत तिरका केला. राख लगेच गेली नाही. थोडा वेळ त्यांच्या पायांभोवती फिरली आणि मग दोन्ही काठांच्या माणसांच्या मधून खाली निघाली. काका ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. ओठ हलत होते, पण मला ऐकू आलं नाही.

परत येताना त्यांचा पाय घसरला. चार जणांनी एकदम हात पुढे केले. लाल जाकिटातल्या एका धिप्पाड माणसाने त्यांना काखेत धरून काठावर घेतलं, खाली ठेवलं, आणि हळू आवाजात विचारलं, "युअर वाइफ, सर?"

"येस."

"डिड शी फिश हिअर?"

काकांनी त्या माणसाकडे पाहिलं, मग दोन्ही काठांवर टोप्या काढून उभ्या असलेल्या त्या सगळ्या गर्दीकडे.

"नो," ते म्हणाले. "शी इन्व्हायटेड ऑल ऑफ यू."